वॉकरांचा सिंह

हडर्सफील्ड, ३ मार्च १९७१

ती. मॉडवन्सं यांना,
एनिडचा सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. 'वॉकर घराण्याची ढाल', म्हणजे ते सिंहाचं मानचिन्ह, शाबूत आहे. सिंहाची जीभ बाहेर आलीय, ती मुळातच असावी. धाकट्या भावाच्या थडग्यावर ही ढाल कोरावी ही तुमची इच्छा कळली. पण पाथरवट म्हणतो, सिंह बसवला तर क्लिफर्डच्या नावाखाली माझ्या नावाला जागा उरणार नाही. मी काय शेपटीखाली निजू?

शिवाय वाचनालयात वाचलं, असली ढाल राजाकडून एकेका माणसाला मिळायची, आडनावाला नाही. समुद्रकाठच्या दुकानदारानं तुम्हाला कुणा परक्याचा सिंह विकला. वॉकर या आडनावाचा अर्थच मुळी नवं लोकरी कापड धुऊन घट्ट करायला शिळ्या मुतात घालून पायांनी तुडवणारे. पुस्तकात आहे तेच लिहिलं, लोभ आटवू नका.

आपली,
एनिड

स्कारबरो, ८ मार्च

चि. एनिडला अ. उ. आ.

असला शब्द पत्रात! आगकाडी शोधणारा वॉकरच. विंचेस्टरचं कॅथीड्रल खचत होतं, तेव्हा पाया भरणारा पाणबुड्याही वॉकरच. ते काय मुतात उभे होते? पत्त्यांच्या मंडळात मी सिंहाचं सांगून बसलेय. आईमागे क्लिफर्डला मी वाढवलं. त्याच्या उशाशी काही भारदस्त नको? तू वाचतेस फार, तिथंच बिघडतं.

तरीही तुझीच,
मॉड

हडर्सफील्ड, १२ मार्च

ती. वन्सं, सा. न. वि. वि.

तो पाणबुड्या वर्षानुवर्षं काळोख्या पाण्यात चाचपडत पोती रचत होता. क्लिफर्डही अडतीस वर्षं गिरणीत ओल्या लोकरीपाशी उभा होता. वासापायी मी त्याला बूट मागच्या दारीच काढायला लावायची. आता तिथं नुसता साबणाचा वास येतो. मला त्याच्याजवळ जागा हवी, एवढंच मागणं.

माया असू द्यावी,
एनिड

स्कारबरो, १७ मार्च

चि. एनिडला अ. उ. आ.

पाथरवटाला मीच फोन करून सिंह रद्द केला. मंडळात मुताचंही सांगून टाकलं. मिसेस ऑर्मरॉइड इतकी हसली की डाव मोडला. तिच्या आडनावाचा अर्थ शोधून ठेव, वाईट निघाला तर लगेच कळव.

दगडावर क्लिफर्डचं नाव येईल आणि खाली वीतभर जागा कोरी राहील. ती तुझीच, दुसरं कुणी घेत नाही. पण भरायची घाई करशील तर माझ्याशी गाठ आहे. ईस्टरला इकडे ये. त्याच्याबद्दल बोलायला मला तुझ्याशिवाय कोण उरलंय?

तुझी वाट पाहणारी,
मॉड