वेळ ‘काढते’ म्हणजे काय?

१४ मार्च

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. तुझी भावजय गच्चीत कुंड्या वाढवतेय आणि मला जिन्यावरून पाणी वाहायला लावतेय. परवा फोनवर तू विचारलंस, “या वयात कसली रे नवी नोकरी?” तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

आमची कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. त्यात आता एआय सहायक आहे. पेशंट त्याच्याशी बोलतात आणि तो आम्ही दिलेली टूल्स वापरून कामं करतो. एका टूलने डॉक्टरांची मोकळी वेळ शोधायची, दुसऱ्याने ती ठरवायची, तिसऱ्याने रद्द करायची. कुठलं टूल कधी वापरायचं, हे तो फक्त त्याचं वर्णन वाचून ठरवतो. ती वर्णनं मी लिहितो. तीस वर्षं मिक्सरची माहितीपत्रकं लिहिली, एकाही माणसाने वाचली नाहीत. हा मात्र शब्दन्‌शब्द वाचतो. मी हरखूनच गेलो होतो.

आणि तिथेच घोटाळा झाला. वेळ रद्द करायच्या टूलवर मी लिहिलं होतं, “पेशंटची ठरलेली वेळ काढते.” काढून टाकते, असं माझ्या मनात. पण यादी काढतो तशी वेळही काढून दाखवत असेल, असं त्या सहायकाला वाटलं. त्यात त्याचं काय चुकलं? एका सकाळी एकोणीस जणांनी “माझी वेळ कधी आहे?” एवढंच विचारलं आणि एकोणीस जणांच्या वेळा रद्द झाल्या. एक निवृत्त मास्तर दुखरा खांदा घेऊन दवाखान्यात दोन तास बसून राहिले आणि तसेच परत गेले.

मीटिंगमध्ये मॅनेजरबाई म्हणाल्या, “टूलमध्येच गडबड दिसतेय.” टूल बनवणारी मुलगी नवीन आहे, सगळे तिला चिमणी म्हणतात. ती कानापर्यंत लाल झाली. मला तिथल्या तिथे उमगलं होतं, ताई. पण मी वहीत डोकं खुपसून बसलो.

तीन दिवस ती आपलं काम ओळ न्‌ ओळ तपासत होती. चौथ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत डबा न उघडता तशीच बसली होती. मला म्हणाली, “काका, काहीच सापडत नाही हो. मीच कुठेतरी माती खाल्ली असणार.”

मी हातातला घास खाली ठेवला. “तू नाही, मी,” म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

ती एवढंच म्हणाली, “काका, तीन दिवस?”

तसाच उठून मॅनेजरबाईंकडे गेलो. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, “आता तुमचं एकही वर्णन चिमणीला दाखवल्याशिवाय पुढे जाणार नाही.” एकोणीस जणांना मीच फोन केले. मास्तरांनी आधी झाप झाप झापलं, मग नवी वेळ दोनदा वदवून घेतली.

आता आम्ही दोघं रोज सकाळी बसतो. चिमणी मुद्दाम वेड पांघरून विचारते, “काका, ‘लवकर’ म्हणजे किती मिनिटं?” त्या टूलवर आता असं लिहिलंय: “पेशंटची ठरलेली वेळ कायमची रद्द करते. वेळ नुसती बघायची असेल तर हे वापरू नये. आधी पेशंटचा होकार घ्यावा.” हे वाचून ती म्हणाली, “आता कसं!” इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! खरंच मजेत आहे मी.

पण ताई, नोकरीची माहिती द्यायला हे पत्र लिहिलेलं नाही.

तुझा नर्सिंगचा फॉर्म. शेवटच्या दिवशी तू तो माझ्याकडे पोस्टात टाकायला दिला होतास. तो पोस्टाने हरवला, असं सगळे धरून चालले. तो हरवला नव्हता. मी वाटेत खेळत बसलो आणि पोस्ट बंद झालं. दुसऱ्या दिवशी तो फाडून मी गटारात टाकला. बाबा पोस्टमनशी कडकडून भांडले, पुन्हा त्याच्याशी बोलले नाहीत. तू वर्षभर घरी बसलीस आणि मी रोज तुझ्या शेजारी बसून जेवत होतो.

पुढच्या वर्षी तुझं नाव लागलं, पुढे तू मेट्रन झालीस, मग बिघडलं कुठे, असं बेचाळीस वर्षं मनाला समजावत आलो. बिघडलं होतं. ते वर्ष तुझं होतं.

तू म्हणशील ते ऐकून घ्यायला तयार असलेला,
तुझा भाऊ


२० मार्च

बाळ्या,

पत्र तीनदा वाचलं. मिक्सरवर हसले, मग शेवटच्या पानाशी आले.

त्या वर्षी फॉर्म हरवला असं ठरेपर्यंत मी रोज दुपारी दारात उभी राहून प्रवेशाच्या पत्रासाठी पोस्टमनची वाट बघायचे. तू तेव्हाच सांगितलं असतंस तर मार दिला असता, पण वाट बघणं तरी संपलं असतं. चौदा वर्षांचा होतास, घाबरलास, हे कळतं मला. तरी राग आलाय, आणि तो शिळा नाही, आजचा ताजा आहे.

पत्र मिळाल्यावर दोन दिवस फोन करू नकोस. तिसऱ्या दिवशी कर, मी उचलेन. आणि सुट्टीत त्या चिमणीला घेऊन ये. तिला माझ्या हातचं जेवू घालायचंय. तुलाही वाढेन.

तिसऱ्या दिवसापासून पुन्हा तुझी,
ताई