पहिला नंबर

प्रिय ठमे,

तुझ्या मैत्रिणीच्या हाती हे पत्र देतोय. तुला फोनवर बोलायचं नाही, हे तिनं जिन्यातच सांगितलं, आणि तिचं काही चुकलं नाही. लिहिण्याची मला सवय नाही, तुला ठाऊकच आहे. पस्तीस वर्षं लोकांचे नळ जोडले, लिहिलं काय तर कोपराचं माप नि पाइपाची लांबी. सांभाळून घे.

आपल्याकडे सगळे जमले की गार पाण्याच्या आंघोळीच्या गोष्टी निघतात, आणि ज्याचे हाल जास्त त्याला दुसऱ्या दिवशी गरम पाण्याचा पहिला नंबर. ही खोड मीच लावली. नळवाल्याच्या घरी बंब कायम बिघडलेला, दिव्याखाली अंधार; तुम्ही पोरं कुरकुरायचात म्हणून हसण्यावारी न्यायला हा खेळ काढला. मावशीच्या नर्स वसतिगृहातल्या शॉवरच्या तीन धारा, त्यातली एकच डोक्यावर, बाकी दोन भिंतीला आंघोळ घालायच्या. काकाच्या छावणीत साबण पाठीला चिकटला तो दुपारी निघाला, असं तो अजून शपथेवर सांगतो. आणि मी ऐन गारठ्यात गच्चीवरच्या टाकीखाली नखशिखांत भिजलो, तर घरमालकीण विचारते कशी, टॉवेल देऊ का. दरवेळी तेच किस्से, दरवेळी तेच हसू.

गेल्या वर्षी तू पहिल्यांदाच तुझ्या घरचं सांगितलंस. दोन हिवाळे गार पाणी. गरम पाण्यानं बाई आळशी होते, असं जावईबापूंचं म्हणणं. पहाटे पाचला आधी पाय भिजवायचे, मग गुडघे, मग साठ आकडे मोजायचे आणि डोळे मिटून तांब्या ओतायचा. ते गीझरची किल्ली खिशात कशी टाकतात आणि वर खिसा कसा थोपटतात, याची तू नक्कल केलीस. काका खाटेवरून घसरला. तुझ्या आईला ठसका लागला. मी टाळी वाजवून म्हणालो, आमची ठमी पहिली! तूही हसत होतीस गं. की मीच तसं धरून चाललो?

दुसऱ्या दिवशी तू न्हाणीघरात गेलीस ती बाहेरच येईनास. काकानं दार वाजवलं, टाकी रिकामी करतेस काय म्हणून ओरडला. तू आलीस तेव्हा डोळे लालभडक होते. मी म्हणालो, साबण गेला वाटतं. तू हो म्हणालीस.

गेल्या मंगळवारी तुमच्या भागात काम होतं, म्हणून न कळवताच तुझ्याकडे गेलो. जावईबापूंनी दार उघडलं. तू चार दिवसांपासून मैत्रिणीकडे आहेस, म्हणाले, जरा डोकं फिरलंय, येईल ठिकाणावर. हात धुतो म्हणून मी आत गेलो. तो गीझर मीच लग्नात दिलेला, माझ्याच हातानं बसवलेला, बाहेरचं बटणही मीच लावलेलं. त्या बटणावर पत्र्याची पेटी ठोकली होती. तिला इवलंसं कुलूप. किल्लीच्या भोकाभोवतीचा रंग उडून आतलं पितळ चकचकीत झालं होतं. रोज कुलूप लावल्या-उघडल्याशिवाय पितळ असं होत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. मग तुझे सगळे शब्द एकेक करून आठवले.

चार स्क्रू होते. पिशवीत पेचकस होता. पण माझा हात उचललाच गेला नाही, ठमे. गार पाण्यानं हात धुतले, येतो म्हणालो आणि निघालो. रस्त्यावर आल्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून रडलो, भर दुपारी, लोक बघत असताना. बापाच्या घरी यायचं सोडून तू मैत्रिणीकडे का गेलीस, हे त्या पायरीवर कळलं. आमच्याकडे तू एकदा येऊन गेली होतीस, आम्ही तुला टाळ्या दिल्या.

तुझी मैत्रीण म्हणाली, की तिकडचे लोक सांगताहेत, हिनं लग्नानंतर कुणापाशी एका शब्दानं तक्रार केली नाही, आताच हे कुठून आलं. वकीलबाईही हेच विचारताहेत, की आधी कुणाला सांगितलं होतं का. म्हणून हे पत्र. मला त्यांच्यापुढे जाऊन सांगायचंय की सांगितलं होतं, नकलेसकट सांगितलं होतं, आणि तिचा बाप पोट धरून हसला. तुझी आई म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची, घराची शोभा होईल. होऊ दे शोभा. पण तुला विचारल्याशिवाय जाणार नाही. एकदा न विचारताच तुझ्या दुःखाची गंमत करून बसलोय. तू हो म्हणालीस तर उद्याच जातो. नाही म्हणालीस तर गप्प बसेन, आणि तुला माझं तोंड पाहायचं नसेल तर तेही चालेल. पण कुणी काहीही म्हणो, आपणच आधी बोलायला हवं होतं असं मनात आणू नकोस. तू बोलली होतीस, बाळा. खोलीत आम्ही अकरा जण होतो.

तुझाच, ऐकू न आलेला,
बाबा