खोटे चार दिवस

४ मार्च
आज परत बाहेर बसवलं. पाळी न्हाई, काही न्हाई. सोलापूरच्या डॉक्टरनं कधीच सांगितलंय, जन्मापासून एक गुणसूत्र कमी, पाळी येणार न्हाई, लेकरू होणार न्हाई. तरी आई दर महिन्याला दारात चटई टाकते. का, तर समोरच्या काशीकाकूला दिसावं. टँकर आला, मला घागरीला हात लावायचा न्हाई. आई गुडघे धरून रांगेत. राहू दे उभी. लई राग येतो, मग रडू.

७ मार्च, गुरुवार
लातूर नवा जिल्हा झाला, पाणी काही आलं न्हाई, पण सरकारी दवाखान्यात मॅडम आल्या. माझ्यासारख्या पोरींशी बोलतात. आज म्हणाल्या, आरशात बघून स्वतःबद्दल एक चांगली गोष्ट बोला. म्हटलं, बुटकी हाय, कापड कमी लागतं. मुखेडची सुमनताई एकटीच हसली. तिलाही हेच. घरच्यांनी लपवून लग्न लावलं, नवऱ्यानं वर्षात माहेरी आणून टाकलं.

१२ मार्च
निलंग्याचं स्थळ. पोरगा शांत, बरा वाटला. हेच वाईट. त्याच्या आईनं आडून आडून विचारलं. आमची आई म्हणाली, "हाव, महिन्याच्या महिन्याला." मी चहाचा ट्रे धरून उभी.

१४ मार्च, गुरुवार
मॅडम म्हणाल्या, तुझ्यात खोट न्हाई. त्यांना बोलायला काय जातं. बाहेर आल्यावर सुमनताई म्हणाली, "मी गप बसले. तू बसू नको."

१ एप्रिल
परत चटई. टँकर आला. उठले, घागर घेतली, रांगेत उभी. काशीकाकू म्हणाली, अगं, तू बाहेरची ना?
"न्हाई. मला येतच न्हाई. कधीच आली न्हाई."
कुणालाच खरं वाटलं न्हाई. पाण्यासाठी खोटं बोलायली, बाया म्हणाल्या. माझा धक्का लागला म्हणून काकूनं आपली भरलेली घागर मातीत ओतली. असल्या दुष्काळात. आणि आई मला हाताला धरून परत चटईवर.

३ एप्रिल
निलंग्याहून होकार. आई परवापासून आज पहिल्यांदा बोलली, तेही हसून. काशीकाकूला सांगून आली, पोरीनं चेष्टा केली. उद्या मॅडमकडं जायचं न्हाई, डोक्यावरून न्हायचं. खोट्या विटाळाला एवढं पाणी. परवा तो न् त्याची आई येणार, सुपारी फोडायला.
आरशासमोर उभी राहिले. चांगली गोष्ट काही सुचली न्हाई. मग तेच म्हणून पाहिलं, मला येतच न्हाई. पहिल्यांदा आवाज कापला. दुसऱ्यांदा न्हाई.
आईनं आतून विचारलं, कुणाशी बोलतीस?