अंगावर जाणारा कोळी

२ जुलै १९६१, अकोला

आज बाबा बोलले. एकच शब्द.
न्हाणीच्या भिंतीवर कोळ्यानं झुरळ पकडलं. बाबा तोंड धुवायला उभे होते. "धरलं," म्हणाले. सुधाकरची बायको शांता भाकरी थापत होती, तिचे हात तसेच परातीत राहिले. सुधाकरला जाळून आल्यापासून बाबांच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द.
पुढे दिवसभर काही नाही. कोळी फटीत गेला. बाबा फटीसमोर स्टुलावर.

७ जुलै

शाळेतून रजा घेऊन अमरावतीला जाऊन आले. वकील साहेबांना पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. शेंदूरजनाघाटची संत्र्याची बाग, ती आमची आणि काकांची एकत्र. विहीर एक. पाण्याच्या पाळीवरून सुधाकर आणि चुलतभाऊ नामदेव यांचं भांडण. नामदेवनं कुऱ्हाड मारली. माझा भाऊ तिथंच गेला. बघणारे एकटे बाबा, आणि तेव्हापासून ते मुके, शांतासह माझ्याकडे अकोल्यात.
साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही अन् तुमची भावजय काय सांगणार? तुम्ही होत्या कुठं? म्हातारा बोलला नाही तर नामदेव सुटला समजा."
अकोला येईपर्यंत डब्यात उभीच होते.

१२ जुलै

भिंतीवरचा कोळी दिसत नाही. शांतानं दुसरे दोन धरून आणले. ते कोपऱ्यात जाऊन बसले. बाबांनी पाहिलंही नाही.
इंगळे सरांना विचारलं, घरात ठेवता येईल असा मोठा कोळी मिळेल का. आमच्या शाळेत सायन्स शिकवतात, सुट्ट्यांत मेळघाटात जाऊन किडे-विंचू धरून आणतात. म्हणाले, बाई, लोक पोपट पाळतात. मग मी कारण सांगितलं. मग हसले नाहीत.

१६ जुलै

इं. सरांच्या वऱ्हांड्यात तीन बरण्या. मोठे केसाळ कोळी, टॅरंटुला. तळहाताएवढे.
पहिला बिळातला. तपकिरी, जाडा. काडी लावली तरी हलला नाही. सर म्हणाले, "हा वर्षभर असाच बसते. पाळायले सोपा, पाहायले काहीच नाही."
दुसरा दिसायला छान. काडी दिसली की पळून बरणीच्या तळाशी.
तिसरा सालईच्या ढोलीतला. राखाडी, वर पांढरी नक्षी. काडी आत गेली तसा मागच्या पायांवर उभा झाला. पुढच्या पायांखाली पिवळा जर्द. आणि काडीवर तुटून पडला. दात लाकडावर आपटल्याचा आवाज मला ऐकू आला.
मी म्हटलं, हाच.
"विचार करा, बाई. तिघांत हाच अंगावर जाते."
मी म्हटलं, म्हणूनच.

१७ जुलै

काचेची पेटी, वर जाळीचं झाकण. जठारपेठेतल्या लोहारानं बसवून दिलं. आत सालीचा तुकडा, पाण्याची वाटी.
शांता: "ताई, घरात एक मेलं ते कमी हाय का? आता हे मारायचं दुकान मांडता?"
मी नाकतोडा सोडला. कोळी सालीवरून कधी उतरला ते दिसलंच नाही. नाकतोडा त्याच्या तोंडात, पाय अजून झाडत होता. डोकं आधी गेलं.
बाबा स्टूल ओढून पेटीजवळ आले. "मागून गेला," म्हणाले. "त्याले समजलंच नाही."
शांता चुलीपाशी जाऊन रडली. तिथूनच म्हणाली, उद्या मी आणतो धरून.

३० जुलै

रोज काहीतरी. झुरळं, नाकतोडे, परवा पाल. पाल बराच वेळ मेली नाही. शेपटी तुटून पेटीभर उड्या मारत होती. मला बघवेना, मी वह्या तपासायला बसले. बाबा मात्र सांगत होते, जणू कुस्ती चालली आहे. आता पोटाले धरते. आता सोडून पुन्हा धरते. असं.
शेजारचे लोक बघायला येतात. बाबा त्यांना समजावतात. पेटीबाहेरचं काही विचारलं की तोंड बंद. सुधाकरचं नाव काढलं की डोळे मिटून घेतात.

११ ऑगस्ट

शांता आता आत टाकताना म्हणते, "हा नाम्या." झुरळ नाम्या, नाकतोडा नाम्या. पाय तुटला की तिचा चेहरा उजळतो. परवा हसली. वर्षभरात तिला हसताना पाहिलं नव्हतं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
आज बाबा तिला म्हणाले, "नाव नको देऊ, माय."
"कावून, मामाजी?"
बाबा उठून ओट्यावर गेले.

५ सप्टेंबर

कोळी पाठीवर पडलेला, पाय वर. शांता ओरडली, मेला. इं. सर शाळेतूनच सोबत आले. बघून म्हणाले, कात टाकून राहिला, हात लावू नका.
दुपारी पेटीत दोन कोळी. एक पोकळ, एक ओला, फिका. सरांनी बजावलं आहे की पंधरवडा काही खायला घालायचं नाही. अंग मऊ असतं, साधा नाकतोडाही त्याला फाडेल.

१२ सप्टें.

कोळी सालीमागे. पेटीत हालचाल नाही. बाबाही नाहीत. म्हणजे आहेत, भिंतीकडे तोंड करून. जेवण नीट नाही.
साहेबांचा निरोप, तारीख लागली आहे. त्यांचा ज्युनिअर रविवारी येऊन बाबांकडून सगळं वदवून घेणार. शांता दोनदा म्हणाली, मामाजी असेच राहिले तर? मी म्हटलं, बघू.

१६ सप्टें.

शाळेला निघताना स्वयंपाकघरातून ठणठण. शांतानं सरपणातून विंचू चिमट्यात धरला होता. काळा, मोठा. मी नको म्हणेपर्यंत आत टाकला. म्हणाली, लढाई लागल्याबिगर मामाजी बोलत नाही, अन् उद्या वकिलाचा माणूस येते.
विंचू एका कोपऱ्यात जाऊन नांगी वर करून थांबला. तिथून हललाच नाही. कोळी सालीमागून आला. अंग अजून फिकं. तसाच मागच्या पायांवर उभा झाला आणि गेला अंगावर. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा विंचवानं पुढच्या पंजांत धरून पोटात नांगी मारली. मऊ पोट फाटलं. पाणी निघालं. कोळी खुरडत वाटीपर्यंत गेला. विंचू मागोमाग जाऊन खायला लागला.
शांता चिमटा घेऊन धावली. विंचू ठेचला, कोळ्याच्या अंगावरच ठेचला. काच फुटली. तिच्या हाताला रक्त. नाम्या मेला, नाम्या मेला, म्हणत होती.
बाबांनी तिचा हात धरला.
"इच्चवाची चूक नाही. तो कोपऱ्यात उभा होता. पयला गेला तो हा."
मग, त्याच आवाजात:
"सुध्याही पयलेच गेला. नाम्या विहिरीच्या कठड्याले पाठ लावून उभा होता. सुध्यानं फावडं घातलं त्याच्या खांद्यावर. दुसऱ्यांदा डोक्यात घालाले उचललं. मंग नाम्यानं कुऱ्हाड हाणली."
शांता खाली बसली.
मी शाळेत गेले. चौथीला भागाकार शिकवला.

१७ सप्टें.

ज्युनिअर आला. बाबा त्याच्याशी बोलले, नाव, वय, शेत किती. कुऱ्हाड नामदेवनं मारली का? हो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं का? हो. तो खुश होऊन गेला. आधीचं त्यानं विचारलं नाही, बाबांनी सांगितलं नाही.

२४ सप्टें.

मी बाबांना काही सांगत नाही म्हणून शांता माझ्याशी बोलत नाही. सकाळी बाबांचे पाय धरून बसली होती. "मामाजी, इतकंच सांगा, कुऱ्हाड नाम्यानं मारली. खोटं थोडीच हाय?"
"अन् त्यायच्या वकिलानं इचारलं, आधी काय झालं?"
"आठवत नाही म्हना."
बाबा म्हणाले, "म्हणूनच तर बोलत नव्हतो, माय."
मला वाटलं माझ्याकडे बघतील. मी तांदूळ निवडत होते.
नामदेवला फाशी होऊ शकते. काकू दारात आली तर मी तिला काय म्हणू. सुधाकरच्या मानेची ती जागा मी धुतली होती, मीच. मला नामदेव फासावर हवा आहे. आजही.

९ ऑक्टोबर, अमरावती

कोर्टाबाहेर बाकावर. आम्हां दोघींना आत बसू देत नाहीत, आमचीही नावं साक्षीदारांत आहेत.
नामदेवला आणलं तेव्हा त्यानं लांबूनच, "काका," म्हटलं. शिपायानं ढकललं. त्याचा डावा खांदा अजून खाली आहे. शांतानं पाहिलं, मीही. दोघींनी मान वळवली.
पुकारा झाला. बाबा उठले. मला विचारलं, "तू काय म्हणतं, बाई? तू तर काहीच बोलली नाहीस."
मी तोंड उघडलं. शिपायानं दुसऱ्यांदा नाव घेतलं. बाबांनी थोडं थांबून पाहिलं आणि टोपी सारखी करून आत गेले.
दार लोटलेलं आहे. आत बाबांचा आवाज. शब्द कळत नाहीत. मध्ये कोणी काहीतरी विचारतं, पुन्हा बाबा.
शांतानं माझ्या मनगटाला धरलं आहे, त्यामुळे लिहिणं वाकडंतिकडं. "ताई," म्हणाली, "इतकं काय सांगून राहिले?"
कुऱ्हाड नाम्यानं मारली, एवढं सांगायला इतका वेळ लागत नाही.
अजून बोलताहेत.