मोज्याचं भोक

३ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पलंगाखाली माझा राखाडी मोजा राहिलाय, टाचेला भोक असलेला. लगेच पाठव. दहा तारखेला कॉलेजच्या कायमच्या नोकरीसाठी मला व्याख्यान द्यायचंय: भोक ही खरीच काही वस्तू आहे, की तिथे नुसतं काही नसतं? सहा वर्षं यावरच लिहितेय. मोजा दाखवला की लोकांना पटकन कळतं. ही नोकरी हुकली तर तत्त्वज्ञान सोडायचं ठरवलंय.

तुझी,
ठकी

६ मार्च

चि. ठकीस आजीचे पोतंभर आशीर्वाद.

मोजा सापडला. मांजर त्यावर झोपलं होतं, ते उठेपर्यंत दुपार झाली. शेजारीण विचारत होती, नात काय शिकवते. मी म्हटलं, भोकं. ती म्हणाली, म्हणजे शिवणकाम. मी म्हटलं, छे, ती बुजवत नाही, नुसती बोलते.

पण मोठ्या माणसांपुढे फाटका मोजा काढायचा म्हणजे माझीच शोभा. म्हणून झकास रफू केलंय. राखाडी लोकर संपलेली, लाल घातली. घाबरू नकोस, भोक हरवलं नाही. लाल दिसतं तेवढं भोक.

अक्षर लागलं नाही तर मोठ्याने वाच.

तुझीच,
आजी

११ मार्च

ती. आजीस सा. न.

टपाल ऐनवेळी आलं, पाकीट सगळ्यांसमोरच फोडलं. मोजा धडधाकट. काही सुचेना म्हणून तुझं पत्रच मोठ्याने वाचलं. निवड समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, भरलं की भोक संपलं. समितीतले एक टकलू सर म्हणाले, आजींचं बरोबर, भरलेलं भोकही भोकच. तासभर दोघांची जुंपली, मला कोणी विचारेना. शेवटी हसत हसत नोकरी दिली. फक्त सरांना तुझं लेखी मत हवंय: रफू उसवलं तर जुनंच भोक परत येईल, की नवं?

तुझी कायमची (आता कागदोपत्रीही),
ठकी

१५ मार्च

चि. प्राध्यापकबाईंस अनेक आशीर्वाद.

आनंदाने चहात दोनदा साखर घातली, तसाच प्यायले. तुझ्या सरांना सांग, जुनंच. तू सुट्टी संपवून गेलीस की घरात एक भोक पडतं. आलीस की बुजतं, गेलीस की पुन्हा पडतं. दर वेळी तेच असतं, मी ओळखते.

दुसरा मोजा फाटला की कळव. लाल लोकर उरलीय, लोभ तर आहेच.

आजी