न पसरलेलं काजळ

अकोला, रविवार, संध्याकाळ

आज राणीला सासरी, अमरावतीला पाठवलं. आणि पोरगी रडली की नाही, हेच मला कळलेलं नाही!

पार्लरवालीला मीच बजावलं होतं, "मे महिना आहे बाई, घामानं काजळ पसरलं नाही पाहिजे." तिनं राणीच्या तोंडावर बर्फ फिरवला, शेवटी कसला तरी स्प्रे मारला. मग मलाही बसवून तेच सगळं केलं. कूलरच्या दमट हवेत साऱ्या बाया घामाघूम, आम्ही दोघी मात्र फोटोतल्यासारख्या.

निघताना ती गळ्यात पडली. मला तर समोरचं धूसर दिसत होतं. पण तिचं काजळ जागच्या जागी. मोठ्या जाऊबाई बोलल्याच, "तुही पोरगी तं रडली बी नाही वं!"

माझ्या ब्लाउजचा खांदा ओला होता. पण आज कोणाचा नव्हता? आता वाळून त्यावर पांढरा डाग पडलाय. घामाचाही असाच पडतो ना? तू रडली का, असं पोरीला तरी कोणी विचारते का?

हे लिहितानाच तिचा फोन आला. पोचलो म्हणाली. मग म्हणाली, "आई, तू काहून नाही रडली वं?"