सात पाऊणे सव्वापाच

४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपार.

आजपासून वही. मला अक्षर येत नाय, म्हणून मी बोलणार आणि सूनबाई वनिता लिहिणार. वही माझ्या एकटीसाठी आहे. वनिता वाचणार नाय, तिने कबूल केलंय. न वाचता कसं लिहिणार, ते तिचं तिने बघावं.

वही अशासाठी, की रेडिओवर माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय. महिनाअखेर एक कार्यक्रम बंद होणार असं कानावर आलंय. पुरावा हाताशी असलेला बरा.

पेणच्या कम्युनिटी रेडिओवर माझा 'भरती-ओहोटी' चार वर्षं चालतो. शुक्रवारी अकराला, अर्धा तास. खाडीच्या गोष्टी, मिठागरातल्या गमती आणि शेवटी आजची भरती किती वाजता. बाकीचे कागद बघून बोलतात. मी तिथीची पाऊणपट करते. सप्तमी असली, तर सात पाऊणे सव्वापाच. सव्वापाचला भरती. सासऱ्यांनी शिकवलं. त्याला चार्जिंग लागत नाय.

जानेवारीपासून मॅनेजर प्रविणने माझं लाइव्ह बंद केलं. मंगळवारी रेकॉर्डिंग, शुक्रवारी वाजवणार. म्हणे, "आजी, तुम्ही लाइव्हमध्ये लोकांची नावं घेता." एकदाच घेतलं. शेजारच्या गोदूबाईचं. ती माझ्या कुंपणातली शेवग्याची शेंग तोडते, हे तालुक्याला कळायला नको?

आज सप्तमी. माईकवर स्पष्ट सांगून आले, आज सव्वापाच.

ताजा कलम: मी एवढं बोलले आणि वनिताने वाचून दाखवलं ते दोन मिनिटांत संपलं. बाकीचं कुठे गेलं?

७ फेब्रुवारी, शुक्रवार.

कार्यक्रम वाजला. मी ऐकत नाय, स्वतःचीच दृष्ट लागते. गावात कोणी काही बोललं नाय. लोक विचारात पडलेत.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

रेकॉर्डिंग. आज चतुर्दशी, साडेदहाला भरती.

स्टुडिओत नवी मुलगी आलीय, मालू. रोह्याजवळच्या अष्टमी गावची. कंपन्यांतल्या नोकऱ्यांची माहिती सांगते. आल्या आल्या गोड हसून माझ्या पाया पडली. वरून चहा दिला. एवढं सगळं पहिल्याच दिवशी कोण करतं? मग म्हणाली, "आजी, ती पाऊणपट मला शिकवा ना."

आलं लक्षात. चतुर्थीपर्यंत शिकवलं. बाकीच्या अकरा पोटात ठेवल्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. रोह्याहून परतल्यावर.

रोह्यात माझे चाहते किती ते बघायला गेले होते. भाची राणीकडे मुक्काम न करता जाऊन-येऊन. ट्रान्झिस्टर बरोबर घेतला. आज दृष्ट लागली तर लागली.

गाडीत कासूच्या पुढे माझा आवाज ऐकला. "आज चतुर्दशी, साडेदहाला भरती."

आज द्वितीया आहे. दोन पाऊणे दीड. मी असं बोलणारच नाय. आवाज माझा, खोकला माझा, पण तिथी माझी नाय. समोरच्या बाईने सांगितलं की हल्ली मोबाईलमध्ये कोणाचाही आवाज बनवता येतो. मला लगेच ते गोड हसणं आठवलं. मालू.

नागोठण्याला खरखर सुरू झाली. रोह्यात नुसतं सुं सुं. राणी म्हणाली, "मावशी, हा रेडिओ इथं लागतच नाय गो." कधीपासून, विचारलं. "कधीच लागला नाय."

म्हणजे मालूने फार आधीपासून बंदोबस्त केलाय.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

प्रविणला जाब विचारला. त्याने शांतपणे सांगितलं की मी मंगळवारी 'आज' म्हणते, ते शुक्रवारी वाजतं, आणि मंगळवारची तिथी शुक्रवारपर्यंत थांबत नाय. फार शांतपणे सांगितलं. निर्दोष माणूस जरा तरी चिडतो.

आता म्हणे मी सहा शुक्रवार चुकीची भरती सांगितली. मी म्हटलं, मग अगोदर का नाय बोललास? तर म्हणतो, "मला भरतीतलं काय कळतं, आजी? पण सहा आठवड्यांत खाडीवरून एक फोन नाय आला."

माझ्या लोकांना मर्यादा आहे. मोठ्यांची चूक काढत नाहीत.

मग त्याने खरं पोटातलं काढलं. कमिटी म्हणते, शुक्रवारचा अर्धा तास मालूला द्या. मी म्हटलं, एकदा लाइव्ह कर, फोन उघडे ठेव, बघ कसा पाऊस पडतो ते. तो कबूल झाला. फोन आले तर कार्यक्रम माझा, नाय आले तर मालूचा. तारीख मीच निवडली, अठ्ठावीस. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. मोठं उधाण. भरतीच्या कार्यक्रमाला उधाणाचा दिवसच शोभतो. प्रविणला यातलं काय कळणार.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.

गावात घरोघर फिरले. काळुराम मिठागरवाला, त्याचे भाऊ, त्यांच्या बायका, सगळे फोन करणार. चाळीस तरी होतील. काळुरामला तर नंबर पाठसुद्धा झाला. गोदूबाईच्या घरावरून मान वळवून गेले. ती दारातच उभी होती. काय ऐकत होती कोण जाणे.

वनिता विचारते, मी पण फोन करू का? नको म्हटलं. घरचा आवाज ओळखू येतो. आणि तिला एवढी घाई कशाची?

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपार.

लाइव्ह झालं. प्रतिपदा, एक पाऊणे पाऊण. पाऊण वाजता उधाण. ठणकावून सांगितलं.

अकरा दहा. फोन नाय. अकरा वीस. फोन नाय. मी मालूकडे बघितलं, तिने वायर काढली असणार. तिने स्वतःच्या मोबाईलवरून रिंग दिली. फोन वाजला. वायर शाबूत होती. चलाख आहे.

दोन मिनिटं राहिली तेव्हा एक फोन आला. गोदूबाई.

"सगुणे, दीड महिना तुझी भरती चुकतेय गो. दर शुक्रवारी ऐकते मी. आज बरोबर हाय."

मी म्हटलं, मग इतके दिवस तोंड का शिवलं होतंस? तर म्हणे, "अजून किती चुकतेस ते बघत होते."

मी विचारलं, बाकीची माणसं कुठं मेली? ती हसली. "पाऊणला उधाण. सगळी मिठागरात पाणी घ्यायला बांधावर गेलीत. तूच नाय का आता सांगितलंस?"

हे लाइव्ह गेलं. तालुक्याला.

पण एक फोन म्हणजे फोनच. प्रविण कपाळ चोळत म्हणाला, बघतो.

१ मार्च, शनिवार.

जिंकले. प्रविण स्वतः घरी आला. म्हणतो, कमिटीला गोदूबाईचा फोन आवडला. लोकांना भरती बरोबर हवी आहे. म्हणून आता शुक्रवारी अर्धा तास नाय, रोज अकराला. रोज. मालूला शुक्रवार मिळाला, एकच दिवस. बिचारी.

मंगळवारी रेकॉर्डिंगला बोलावलंय.

४ मार्च, मंगळवार.

आज पंधरा तिथ्या एका बसणीत सांगितल्या. 'आज प्रतिपदा, पाऊण वाजता भरती' इथपासून अमावास्या-पौर्णिमेपर्यंत. शुद्ध असो की वद्य, वेळ तीच, त्यामुळे पंधरांत महिना भागतो. पोटात ठेवलेल्या अकराही द्याव्या लागल्या. मालू बटणं दाबत होती. प्रत्येक वेळी 'आज' नीट म्हणा, म्हणत होती. गोष्टी सांगू लागले तर म्हणाली, "आजी, नुसती तिथी आणि वेळ." माझा गळा जपतेय बहुतेक. मुलगी तशी वाईट नाय.

आता रोज जायचं म्हणजे रिक्षा लावून घ्यावी लागेल.

हे लिहिता लिहिता वनिता थांबली. "आई, पंधराच्या पंधरा झाल्या ना? मग उद्या जाऊन काय सांगणार?"

सुनेला सासूचं चांगलं बघवत नाय.

५ मार्च, बुधवार. संध्याकाळ.

हिरवं लुगडं नेसून साडेदहाला पोचले. मालू म्हणाली, आजी, आज काय काम काढलंत? मी म्हटलं, आज षष्ठी. ती म्हणाली, "षष्ठी काल रेकॉर्ड झाली ना."

खुर्ची दिली. चहा दिला. प्रविण कोणाशी तरी फोनवर बोलत होता, हात दाखवून आत गेला.

अकराला भिंतीवरच्या स्पीकरमधून मीच बोलले. "आज षष्ठी. साडेचारला भरती." दोन वाक्यं. मग कुठल्याशा कंपनीची जाहिरात.

रिक्षावाल्याला उद्यापासून येऊ नको सांगितलं.

साडेचारला बांधावर जाऊन उभी राहिले. ह्या मशीनवर माझा विश्वास नाय. काळुरामचं घड्याळ मागून घेतलं, पाण्याकडे नीट बघितलं.

पाच मिनिटांचीसुद्धा चूक नाय.